पाठमोरी

रोह्यात प्रणिताला सगळे झेरॉक्सवाली म्हणत आणि तिचा तिळपापड होई. पेणच्या मूर्तिकारांचे कॅटलॉग, चित्रकारांची जलरंगातली चित्रं, सगळं ती डोळ्यांत तेल घालून स्कॅन करायची, छापण्याजोगं करून द्यायची. पण अष्टमी गावाकडे जाणाऱ्या पुलाजवळच्या तिच्या गाळ्यात शिरणारा माणूस आधी आधार कार्डच पुढे करायचा.

चिमाने मात्र जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं चित्र पुढे केलं. ती कोलाडकडच्या कातकरी वाडीतली, मजुरीवर जाणारी बाई. चित्रात नदीचा घाट आणि घाटावर पाठमोरी बसलेली तिची पोर, रोशनी. शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी काढून दिलेलं. त्याच वर्षी रोशनी तापाने गेली. तिचे फोटो होते ते मोबाईलमध्ये, आणि मोबाईल वीटभट्टीवर चोरीला गेला. आता या चित्रालाही ओल लागली होती.

"छापून दे बाय," चिमा म्हणाली. मग जरा घुटमळली. "तुज्या कम्पुटरात तिला वळवता येल का गो? पोरीचं तोंड इसरत चाल्लेय मी."

"नाय गो मावशी. कागदावर हाय तेच उतरतं." हे सांगणं प्रणिताच्या अगदी जिवावर आलं.

चित्र स्कॅनरच्या काचेपेक्षा मोठं होतं. अशी चित्रं ती दोन भागांत घ्यायची. आधी डावा, मग उजवा, आणि मधली पट्टी दोन्हींत येईल अशी बेतायची. मग पट्टीवर पट्टी बसवली की जोड कुणाच्या बापाला ओळखू येत नसे. रोशनी नेमकी मधल्या पट्टीत होती. प्रणिताने चित्र काचेवर पालथं घातलं, दोन्ही भाग घेतले आणि जोडायला बसली.

जोड बसेना. डाव्या भागात नुसती वेणी होती. उजव्या भागात तोच घाट, तीच वेणी, आणि शिवाय एक कान.

कागद सरकला असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि डावा भाग पुन्हा घेतला. आता कानाच्या पुढे गालाची कड दिसत होती.

तिने चित्र उचलून दारातल्या उजेडात धरलं. कागदावर पोर होती तशीच पाठमोरी होती, पण फिकी पडली होती. फ्रॉकमधून घाटाचे दगड दिसत होते.

प्रणिताने चित्र टेबलावर ठेवलं. आहे त्यातलंच काहीतरी जुळवून छापलं असतं तर चिमाला पत्ताही लागला नसता. पण बाकावर पदर आवळून बसलेल्या त्या बाईशी खोटं बोलायला तिची जीभ रेटेना. तिने तिला पडद्यापाशी बोलावलं, सगळं दाखवलं.

"अजून एकदा घेतलं तर तोंड दिसंल बहुतेक. पण मग चित्रात ती राहील का, ते नाय सांगता येत मला."

चिमाने कागदावरच्या वेणीवरून बोट फिरवलं.

"पाठ लय बघितली गो. घे."

काचेखालून उजेडाची रेघ सरकत गेली.

पडद्यावर चेहरा आला.

"हीच गो! हीच!" चिमा हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. "म्होरला दात पडलेला, तो पन बघ." प्रणितालाही रडू आवरलं नाही. मास्तरांनी चेहरा रंगवलाच नव्हता, हे त्या घटकेला तिच्या मनातही आलं नाही.

छापलेला चेहरा छातीशी धरून चिमा निघाली. मूळ चित्रात आता नुसता घाट उरला होता. "घाट घेऊन काय करू?" म्हणत तिने तो तिथेच ठेवला.

प्रणिता यंत्र बंद करायला वळली. काचेवर श्वास लागावा तसा वाफेचा लहानसा डाग होता. तिने फडकं फिरवलं.

डाग गेला नाही. फडकं कोरडंच होतं.

वाफ काचेच्या आतल्या बाजूला होती. ती आकसत आकसत नाहीशी झाली. मग पुन्हा पसरली.

"मावशी!" प्रणिता रस्त्यावर धावली. चिमाला घेऊन कोलाडची रिक्षा वळणापलीकडे गेली होती.

ती परत आली. डाग आता काचेच्या मध्यावर नव्हता. तो दाराकडच्या कडेला आला होता, आणि त्याच्या दोन्ही अंगांना, आतून, दोन छोटे तळवे टेकलेले होते.