मोकळ्या ठेवलेल्या ओळी

दोघांचे हात एकाच रेकॉर्डवर पडले, आणि दोघांनीही ते मागे घेतले नाहीत.

"मी आधी पाहिली," ती म्हणाली.

"मी तिला लहानपणापासून ओळखतो," तो म्हणाला. "आवाज माझ्या मावशीचा आहे."

जुन्या सामानाच्या त्या दुकानात दुपारसुद्धा धुळीतून गाळून आल्यासारखी फिकी होती. रेकॉर्ड एका विसरलेल्या संगीतपटाची. मागे पितळी वाद्यांचा मोठा ताफा, पुढे जॅझ गाणारी एकटी बाई. जुन्या रेकॉर्डमधली खरखर पुसून त्या पुन्हा विक्रीयोग्य करणे हे तिचे काम. स्टुडिओत तिला खरखरताईच म्हणत. याच रेकॉर्डची एक प्रत तिच्या टेबलावर होती, आणि तसे तिने सांगूनही टाकले.

"एक असताना दुसरी? हा हावरटपणा झाला."

"ताडून पाहायला हवी. शेवटच्या गाण्यात एका जागी कोणीतरी श्वास घेतं... गात मात्र नाही. मी पुसते, आणि तो परत येतो."

तो हसेल असे तिला वाटले होते. तो हसला नाही.

"मग मीच घेतो, आणि तुमच्याकडे घेऊन येतो."

"रेकॉर्ड पाठवली तरी चालेल."

"मावशीला एकटीला कसं पाठवू?"

तो पियानो सुरात लावायचा. थांबून ऐकणे त्याच्या हाडीमाशी मुरलेले होते. रोज दुपारी तो तिच्यामागे स्टुलावर बसे, आणि दिवसाचे काम संपत आले की तिला उगाचच एखादी नवी खरखर सापडे. तो श्वास त्याच्या प्रतीतही होता. तिच्या अंगावर काटा आला. दोन रेकॉर्डवर धूळ कधी सारखी बसत नाही.

"गाणं दोघांचं होतं," एकदा तो म्हणाला. "ट्रम्पेटवाला तिच्यासोबत गाणार होता. दोघांचं जमलं होतं, पण बोललं कोणीच नव्हतं. रेकॉर्डिंगला येताना वाटेत त्याचा अपघात झाला... तो गेला. मावशीनं त्याच्या ओळी दुसऱ्या कोणाला गाऊ दिल्या नाहीत. जागा तशीच मोकळी. पडद्यावर नायक नुसता ओठ हलवतो."

"आणि लोक?"

"शिट्ट्या मारत. मावशी मात्र शेवटपर्यंत म्हणायची, तो येतो, पण त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही."

अखेर स्टुडिओच्या साहेबांचा निरोप आला. 'रेकॉर्ड आज हवी. ती मोकळी जागा कापून टाक, सुंठीवाचून खोकला जाईल.'

तिने त्याला निरोप वाचून दाखवला. ही जागा कापली की त्याच्या येण्याचे निमित्तही कापले जाणार, हे तिला कळत होते. आणि त्यालाही कळत असावे.

"कापा," तो म्हणाला. "पण एकदा नीट ऐकू द्या."

काचेपलीकडच्या बंद खोलीत तो कानाला हेडफोन लावून उभा राहिला. अलीकडे ती एकटी. गाणे सुरू झाले. मावशीचा धुरासारखा आवाज वर चढत गेला, आणि थांबला. मोकळी जागा आली. फक्त ड्रमवर तारेच्या ब्रशची सळसळ...

श्वास तिच्या मानेवर पडला. ऊबदार, अगदी जवळचा.

ती वळली. स्टूल रिकामे होते. काचेपलीकडे त्याचाही हात आपल्या मानेकडे गेला होता. तो पांढराफटक पडला होता.

मग तो माइकजवळ वाकला.

"उद्या... काही काम नसताना मी आलो तर?"

तिने पलीकडे बोलण्याचे बटण दाबले. "या."

"मला तुम्ही आवडता. हे आधीच सांगायला हवं होतं."

"मला वाटलं, माझ्या बनावट खरखरींवरून तुम्ही ओळखलं असेल—"

बोलता बोलता तिची नजर संगणकाच्या पडद्यावरच्या, गाण्याची वेळ दाखवणाऱ्या काट्यावर गेली. मोकळी जागा केव्हाच संपली होती. काटा पुढे सरकत होता, ब्रश सळसळत होते, आणि जिथे मावशीचा आवाज यायलाच हवा होता तिथे तो आलेला नव्हता.

"मलाही तुम्ही आवडता," ती हळूच म्हणाली.

तेव्हा कुठे मावशीने श्वास घेतला, आणि ती गाऊ लागली.