लीनाताईची घंटी

कमेंटमध्ये ‘रचलेली वाटते’ असं लिहिणार असाल, तर आधी गुदैबियात माझ्या घरी या. चहा पाजते. आतल्या खोलीत पायात सळई घातलेली एक पंधरा वर्षांची मुलगी बसलेली असते. तिलाच विचारा.

मी तेजस्वी. बहारीनमध्ये बँकेत नोकरी करते. भुताखेतांच्या गोष्टी ऐकून फिदीफिदी हसणाऱ्यांतली मी एक होते.

घटना मागच्या फेब्रुवारीतली. शुक्रवारची सकाळ. अमावास्या नव्हती, मध्यरात्र नव्हती... छान ऊन पडलं होतं.

पण सुरुवात त्याच्या आधीच्या जूनमध्ये झाली. फ्रान्समध्ये.

माझी मोठी बहीण लीनाताई आणि तिचे मिस्टर सदानंदभाऊजी इथे बहारीनमध्येच, माहूजला राहायचे. भाऊजी इंजिनिअर आणि सायकलवेडे. फ्रान्समध्ये कालव्यांच्या काठाकाठानं लांबच लांब सायकलचे रस्ते आहेत. गाड्यांना तिथे बंदी. दोन्हीकडे उंच झाडं, एका हाताला संथ पाणी. भूक लागली की एखाद्या गावात पाव-चीज खायचं आणि पुढे निघायचं. भाऊजींनी दोन वर्षांची लीव्ह त्या ट्रिपसाठी साठवली. ताईला हौस नव्हती. नवऱ्यासाठी गेली.

भाऊजींचा एक नियम होता. सायकल चालवताना मागे वळून बघायचं नाही.

का, तर सायकलला दोन्ही बाजूंनी सामानाच्या बॅगा असतात. मान वळवली की हँडल वळतं, आणि शेजारी पाणी. म्हणून मागच्यानं अधूनमधून घंटी वाजवायची.

एकदा वाजली, म्हणजे मी ठीक आहे, चला.

दोनदा वाजली, म्हणजे थांबा.

पुढे नेहमी भाऊजी. मागे नेहमी ताई.

त्या दिवशी एका छोट्या पुलाखालून गेल्यावर मागून दोनदा घंटी वाजली. परत दोनदा. भाऊजी थांबले नाहीत. “मला वाटलं, फोटो काढायचा असेल,” असं ते नंतर मला म्हणाले. अगदी सहज म्हणाले. माझा हात शिवशिवला होता.

मग घंटी परत एकदाच वाजायला लागली. ठीक आहे, चला... ठीक आहे, चला...

पुढच्या गावापाशी त्यांनी सायकल झाडाला टेकवली. सावलीत बसून दोघांसाठी पाव कापला. तेवढ्यात अगदी जवळ घंटी वाजली. एकदा.

त्यांनी वर बघितलं.

रस्ता रिकामा होता.

ताई सापडली ती त्या पुलापाशी. पाण्यात, सायकलखाली. बॅगांच्या वजनानं तिला वर येऊ दिलं नव्हतं. तिथले पोलीस म्हणाले, फार वेळ झालाय. भाऊजींना मागून घंटी ऐकू येत होती, त्या सगळ्या वेळात माझी बहीण तळाशी होती.

मग वाजवत कोण होतं?

मी तेव्हा हा प्रश्न धरून बसले नाही. माणूस धक्क्यात काहीही ऐकतो. मला राग होता तो वेगळाच. दोनदा वाजल्यावर हा माणूस थांबला का नाही?

भाऊजी परत आले ते ताईची सायकल घेऊन. ती त्यांनी दुरुस्त केली, सीट खाली केली आणि स्पृहाला दिली. स्पृहा म्हणजे त्यांची एकुलती एक लेक.

“जूनमध्ये आम्ही दोघं जाणार,” ते म्हणाले. “राहिलेला रस्ता पूर्ण करायचाय. लीनासाठी.”

“भाऊजी, तिची आई तिथे गेलीय. त्याच पाण्यापाशी पोरीला नेताय?”

“तेजू, तू यात पडू नकोस. व्हिसाचं बघितलंय मी. खलास.”

स्पृहाला मी एकटीला गाठून विचारलं, जायचंय का तुला? तिनं खांदे उडवले. “पपा विल बी अलोन, मावशी.” बापाला एकटं सोडवत नव्हतं तिला. आता मला एकच काळजी होती... ही पोरगी जूनमध्ये जाता कामा नये.

सरावासाठी भाऊजींनी रस्ता शोधला. तुबलीच्या खाडीकडे समुद्रात भराव टाकून नवी जमीन केली होती. रस्ता तयार होता, पण वाहतूक अजून सुरू नव्हती. सरळ, सपाट, निर्मनुष्य. कडेला मोठे दगड आणि खाली पाणी. बॅगांची सवय व्हावी म्हणून त्यांनी स्पृहाच्या सायकलला आट्याच्या भरलेल्या पिशव्या लादल्या.

त्या शुक्रवारी मीही गेले. डब्यात उपमा घेतला होता. खाऊन झालं की तिथेच बापलेकीसमोर विषय काढायचा, असं ठरवून गेले होते. दोघं टोकापर्यंत जाऊन परत येणार होती. मी सुरुवातीलाच गाडी लावून बसले.

निघताना स्पृहानं घंटी वाजवून बघितली. ताईचीच घंटी. जुनी, पितळी, जरा बसक्या आवाजाची. मला ती लगेच ओळखू आली.

बराच वेळ गेला.

मग लांबवर भाऊजींची सायकल दिसली.

ते जवळ येत होते... आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

त्यांच्या मागे कुणीच नव्हतं.

रस्ता सरळ होता. वळण नाही, झाड नाही. रस्त्यावर लपायला कसलाच आडोसा नाही. भाऊजी मात्र मजेत येत होते. त्यांनी आपली घंटी वाजवली.

आणि त्यांच्या मागून उत्तर आलं.

एकदा.

तोच बसका पितळी आवाज. मी कानांनी ऐकला. भाऊजींच्या मागच्या चाकापाशी वाजला म्हणा ना... इतका जवळ.

मी गाडीतून उतरले. त्यांच्याकडे धावले.

“भाऊजी, स्पृहा कुठेय?”

“ही काय, मागे!”

“मागे कुणी नाही!”

“अगं, आत्ता वाजवली ना तिनं. सगळ्या रस्त्यानं वाजवतेय.”

“वळून बघा!” मी किंचाळले.

ते वळले.

त्या वेळी त्यांचा चेहरा मी पाहिलाय. असा चेहरा मला परत कुणाचा बघायचा नाही.

आम्ही गाडी पळवली. अर्ध्या रस्त्यावर कडेच्या पाण्यावर पांढरं काहीतरी पसरलेलं दिसलं.

आटा होता तो.

खाली दगडांत सायकल अडकली होती. तिच्याखाली स्पृहा. पाय दाबलेला, पाणी हनुवटीला लागलेलं आणि भरती चढत होती. एक अनोळखी माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तिचं डोकं वर धरत होता. जमालुद्दीन त्याचं नाव. सुट्टीचा दिवस म्हणून गळ टाकून बसला होता.

“यल्ला दीदी, जल्दी! पैर फँसा है!”

तिघांनी मिळून सायकल उचलली. तोवर एका लाटेचं पाणी स्पृहाच्या नाकातोंडात गेलं होतं.

अँब्युलन्सची वाट बघताना जमालुद्दीन सांगत होता, “बच्ची घंटी बजा रही थी, दो-दो बार. दूर था मैं, फिर भी सुना. भागा.” मग त्यानं भाऊजींकडे बघून विचारलं, “वो मॅडम कौन थी साब?”

“कौन मॅडम?”

“साइकिलवाली. आपके पीछे-पीछे. मैंने आवाज दी, रुको, बच्ची गिरी है... रुकी नहीं.”



स्पृहा वाचली. पाय दोन ठिकाणी मोडला होता. संध्याकाळी वॉर्डमध्ये तिला शुद्ध आली. ही पोरगी एरवी माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते. तेव्हा मात्र मराठीत बोलली. ताईशी बोलायची तशी.

“मावशी, मी दोनदा वाजवली. खूप वेळा दोनदा वाजवली. पपा थांबलेच नाहीत.”

“हो गं राणी.”

“मग आई आली.”

मी खाटेजवळ सरकले.

“वर रस्त्यावर. सायकलवर होती. ओले केस, तोंडाला चिकटलेले. मी आई म्हणून ओरडले. तिनं बघितलं माझ्याकडे... मग घंटी वाजवली. एकदाच. आणि पपांच्या मागे गेली.”

मी भाऊजींकडे बघितलं. आता हा बाप रडेल, पोरीला जवळ घेईल, पाय धरेल तिचे... असं वाटलं मला.

ते हसत होते.

डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होते. खाटेवर वाकून त्यांनी लेकीला विचारलं, “म्हणजे अगदी माझ्या मागे होती? किती जवळ होती गं?”

स्पृहानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्या दिवसापासून ती माझ्याकडे आहे. भाऊजींनी एकदाही ‘परत पाठव’ म्हटलं नाही. जूनमध्ये ते एकटे फ्रान्सला गेले. राहिलेला रस्ता पूर्ण केला आणि मला फोनवर म्हणाले, “सगळ्या रस्त्यानं वाजत होती, तेजू. एकदाच.” आवाजात इतका आनंद होता की मी फोन कापला. आता दर शुक्रवारी ते त्या भरावाच्या रस्त्यावर जातात. मी अडवत नाही. पाण्यात पडले तरी अडवणार नाही, हेही खरंच सांगते.

लोक म्हणतात, ती लीना नसेलच. त्या कालव्यातलं काहीतरी सायकलबरोबर इथवर आलं असेल. मलाही तसंच म्हणायचंय. माझ्या ताईनं मला लहानपणी पाठीवर घेऊन शाळेत नेलंय. ती पोटच्या पोरीला बुडताना टाकून जाईल?

स्पृहालाही मी हेच सांगते. “अगं, तू खाली दगडांत होतीस. तिला तू दिसलीच नसशील.”

रोज ती ऐकून घ्यायची. परवा केस विंचरून देत होते, तेव्हा पाठमोरीच म्हणाली...

“दिसले होते, मावशी. आधी ती थांबली होती. सायकलवरून उतरली. दगडांपर्यंत आली, वाकली, माझा हात धरला...”

माझा कंगवा तसाच राहिला.

“...आणि घंटीवरून काढून पाण्यात सोडला.”