दार उघडायची खोड

धाकटी त्या खोलीत शिकायला गेलीच नव्हती; ती कोट द्यायला गेली होती. लाँड्रीतलं कपडे दुरुस्तीचं काउंटर ती सांभाळायची, आणि खिसा शिवून तयार असलेला हा करडा कोट न्यायला गिऱ्हाईक काही फिरकेना. पत्ता वाचनालयाच्या मागच्या खोलीचा होता. ती आत शिरते न शिरते तोच फळ्यापाशी उभा असलेला उंच तरुण म्हणाला, "आलात? बरं झालं. तुम्ही घरात उभ्या राहा."

"घरात? अहो, मी तर—"

"मी साहेब. दार वाजवतो."

तो दुभाष्या होता. एरवी कोर्टात आणि दवाखान्यात लोकांचं बोलणं समजावून द्यायचा आणि शनिवारी, देश सोडून इथे आलेल्यांना त्यांचे हक्क शिकवायचा: परवाने तपासणारा साहेब दारात आला तर काय करायचं. सगळे त्याला मास्तर म्हणत, आणि करडा कोटही त्याचाच निघाला. त्याने बाहेर जाऊन टकटक केली मात्र, धाकटीने दार सताड उघडलं.

"या ना, बसा. पाणी आणू?"

सगळा वर्ग खो खो हसला. मास्तरने कपाळाला हात लावला.

"अहो, अशाने साहेब आत येईल की!"

"मग काय, दारात आलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं?"

"खुशाल ठेवायचं. न्यायाधीशाच्या सहीचा कागद मागायचा, दाराखालून. त्यावरचं नाव बघायचं, सही बघायची. खोटं बोलायचं नाही, पण गप्प राहता येतं. आणि जे वाचता येत नाही त्यावर सही करायची नाही." मग त्याने सताड उघडलेलं दार लोटून घेतलं. "दार बंदच ठेवा असं मी सांगत नाही. उघडायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. एवढंच."

धाकटीने हे हसण्यावारी नेलं असतं. पण घरी भाओजी होते. त्यांचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, या देशात राहण्याचा अर्ज कचेरीत केव्हापासून पडून होता, जुना परवाना संपला होता, आणि हल्ली जिन्यात पाऊल वाजलं तरी ताईच्या हातातलं काम थांबायचं. म्हणून ती पुढच्या शनिवारीही गेली. त्याच्या पुढच्याही.

शिकली मात्र काही नाही! एकदा उघडलं, कारण बाहेर गारठा होता.

"गारठू दे ना मला!" मास्तर वैतागला.

"असं कसं? खिसा शिवलाय, कोटाची वरची दोन बटणं अजून लोंबतायत."

"तुमचं लक्ष बटणांकडे?"

"वाजवणारे तुम्ही असता..." ती पुटपुटली, "म्हणून उघडलं जातं."

मास्तरचे कान लाल झाले. त्याने फळा पुसला. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं. मग अगदी हळू म्हणाला, "एक दिवस वाजवणारा मी नसेन. त्याची भीती वाटते मला."

तो दिवस आलाच. सकाळी ताई कामावर गेली होती, भाओजी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. दारावर थाप पडली.

"दोनच मिनिटं. थोडी चौकशी आहे."

भाओजींची सुरी थांबली. धाकटीचा हात सवयीने कडीकडे गेला. 'या ना' अगदी जिभेवर आलं होतं. तिने तो हात दुसऱ्या हाताने घट्ट धरला.

"न्यायाधीशांच्या सहीचा कागद असेल तर दाराखालून द्या."

बाहेर कुजबुज झाली. कागद आला. तिने नीट वाचला. शिक्का कचेरीचा, सही कुठल्याशा अधिकाऱ्याची.

"ही न्यायाधीशांची सही नाही. मी दार उघडणार नाही. पुढचं आमच्या वकिलांशी बोला."

शिकवलेले शब्द सगळे जागेवर होते. बाहेरून आणखी दोनदा थाप पडली, एक प्रश्न आला, ती गप्प राहिली. शेवटी पावलं जिना उतरून गेली. मग ती तिथेच फरशीवर बसली आणि ढसाढसा रडली.

भाओजींनी आधी त्यांच्या अर्जाचं काम बघणाऱ्या वकीलबाईंना फोन केला, मग मास्तरला. थोड्याच वेळात पुन्हा टकटक झाली.

"मी आहे! उघडा!"

धाकटीने डोळे पुसले. "मी कोण? कशासाठी आलात?"

"अहो, थट्टा कसली करताय? जीव अर्धा झालाय माझा!"

"कारण सांगा आधी."

मग धापा टाकत आवाज आला, "कारण... तुमच्याशिवाय माझा शनिवार येत नाही. मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवशी पाणी विचारलंत ना, तेव्हापासून."

ती काहीच बोलली नाही.

"ऐकलंत का?"

"गप्प राहायचा हक्क आहे मला. तुम्हीच शिकवलंत."

"अगं धाकटे," स्वयंपाकघरातून भाओजी ओरडले, "त्या बिचाऱ्याला किती छळशील?"

भाओजींचा अर्ज अजून कचेरीतच होता, आणि ती माणसं उद्या खरा कागद घेऊनही आली असती. हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण आज भाओजी घरात होते, कांदा चिरत होते. तिने कडी काढली. मास्तर घामाघूम उभा होता, करड्या कोटाचं वरचं बटण कुठेतरी पडलेलं.

"माझं मी ठरवलंय," ती म्हणाली. "या ना, बसा. पाणी आणू?"