आसरांची विहीर आणि माझी साक्ष

बसा पाळकसाहेब, त्या स्टुलावर बसा, खुर्चीचा पाय मोडका हाय. लाईट आठ वाजेपर्यंत काही येत न्हाई. बघा की, अर्ध्या नायगाव तालुक्याच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा शांतवन मिस्त्री, आन त्याच्याच दुकानात मेणबत्ती! चहा सांगितलाय, येईल.

तुम्ही म्हणून राहिलात, रविवारी उपासनेत साक्ष द्या. तुमच्या आधीचे पाळकसाहेब बी तेच म्हणायचे. "शांतवनभाऊ, प्रभूनं तुमच्या हातून एक जीव वाचवला, मंडळीला सांगा." मी दरवेळी घशाचं निमित्त केलं. कारण साक्ष द्यायची तर सगळी द्यावी लागते, आन शेवटाला मंडळी 'हालेलुया' म्हणते. माझ्या गोष्टीच्या शेवटाला हालेलुया म्हणावं का दाराला कडी लावून घ्यावी, हे मला अजून उमगलं न्हाई. तुम्ही शिकून आलेले. ऐका, आन मंग तुम्हीच सांगा.

दोन वर्षं झाली. मे महिना व्हता. पलीकडच्या शिवारातल्या रामकिशनचा फोन आला. पाणबुडी मोटर विहिरीच्या गाळात रुतलीय, टमाटे वाळून राहिले, लगेच या. मला संध्याकाळी हिमायतनगरचं काम व्हतं. म्हणलं, दोन तासांत उरकू, न् निघालो.

विहीर गावापासून लई लांब. जुनी, दगडी, एका अंगाला खाली उतरायला पायऱ्या. आजूबाजूला झाड न्हाई, घर न्हाई, नुसती काळी रानं भेगाळलेली. पण पाणी म्हणाल तर दोन परस, म्हणजे हात वर केलेली दोन माणसं एकावर एक उभी केली तरी बुडतील एवढं. दुष्काळात सगळ्या विहिरी आटल्या तवा बी ही आटली न्हाई म्हणतेत. काठाला शेंदूर फासलेले सात दगड, त्यांच्यापुढं हिरव्या बांगड्या. आसरा! साती बहिणी. पाणी त्यांचं. आन दुपारी बारा ते तीन त्या पाण्यात उतरायचं न्हाई, ही तिथली रीत.

मी तीन बल्ल्यांचं तिकाटणं उभं केलं, कप्पी लावली. आधी स्टार्टरची फ्यूज काढून खिशात टाकली, तो माझा नियमच हाय. दोर ओढला, मोटर हालेना. खाली कुठंतरी पाईपाचा क्लॅम्प दगडात अडकला व्हता. कुणीतरी बुडी मारून तो सोडवणं भाग व्हतं. घड्याळात बघितलं, बाराला पाच कमी.

रामकिशनची बायको अंबिका ज्वारीच्या भाकरी घेऊन आली व्हती. ती सहज म्हणली, "मिस्त्री, तुम्हीच उतरा की. तुम्ही किरिस्ताव, तुम्हाला त्या काय करणार?"

आता खरं सांगतो, तुमच्यापासून काय लपवायचं. मला पोहता येतं, पण डोकं पाण्याखाली घालवत न्हाई. लहानपणी माझा चुलतभाऊ गोदावरीत गेला, मी काठावर उभा व्हतो. तवापासून पाण्याच्या खालचं काही दिसत न्हाई, तिथं काय असंल, ह्या नुसत्या इचारानं माझं काळीज हालतं. आपल्या चर्चमधी बाप्तिस्म्याला माथ्यावर पाणी शिंपडतेत म्हणून बरं. बुडवत असते तर मी आलोच नसतो!

पण बाईमाणसासमोर हे कसं सांगणार? म्हणलं, "माझा गुडघा धरलाय. व्यंकटीला उतरवा."

व्यंकटी त्यांचा सालगडी. चाळिशीचा, काटक, पट्टीचा पोहणारा. तो दगडांकडं बघत बारीक आवाजात म्हणला, "मिस्त्री, तीन वाजू द्या. मंग म्हणाल तेवढ्या बुड्या मारतो."

"अरे, मर्द गडी तू, बायांना भितोस?" मी म्हणलं. हाव, असंच म्हणलं. आन वर शहाणपण केलं. माझ्या गळ्यातला क्रूस काढला, मोटरच्या वायंडिंगला बांधतो त्या पक्क्या दोऱ्यात ओवलेला, आन त्याच्या गळ्यात घातला. "घे. आता तुला कुणी हात लावत न्हाई." प्रभूचा क्रूस मी ताईत म्हणून वापरला, पाळकसाहेब. स्वतःची भीती लपवायला.

व्यंकटीनं क्रूस कपाळाला लावला आन उतरला. कंबरेचा दोर केबलीत गुंतेल म्हणून बांधला न्हाई. पहिल्या बुडीत वर आला, म्हणला, "क्लॅम्प घावला." दुसरी बुडी मारली.

वर आला न्हाई.

आधी बुडबुडे आले, मंग ते बी थांबले. विहिरीतले पारवे सगळे एकदम उडून गेले. इतकं ऊन, तरी खालून गार हवा आली, तिला ओल्या हळदीचा वास व्हता. रामकिशन काठावर मटकन खाली बसला. "मी न्हाई उतरत... मला लेकरं हायत, मिस्त्री." अंबिका दगडांपुढं पदर पसरून रडू लागली.

व्यंकटीला बी लेकरं व्हती. दोन पोरी.

मी चपला काढल्या. पायऱ्या उतरताना गुडघे खरंच धरले. कमरेइतक्या पाण्यात उभा राहिलो आन प्रार्थना करायला गेलो, तर बायबलातलं एक वचन आठवेना. जन्मभर पाठ केलेलं सगळं पुसून गेलेलं. तोंडातून एवढंच निघालं, "प्रभू, मी लबाड हाय आन लई भ्यालोय. तू संगं चल. मी एकटा जाऊ शकत न्हाई."

आन पाईप धरून खाली गेलो.

हातभर खाली हिरवा उजेड व्हता. त्याच्या खाली काहीच न्हाई. डोळे उघडे का मिटलेले तेबी कळेना. आन मंग कानात आलं... किणकिण. बांगड्यांची. पाण्यात असा आवाज येत न्हाई, पाळकसाहेब, मी मिस्त्री माणूस, मला कळतं. पण येत व्हता. आधी डाव्या अंगानं... मंग उजव्या... मंग चहूकडून. कुणीतरी माझ्या भवती फिरत व्हतं, सावकाश, फेर धरल्यावाणी. केस का शेवाळ, काहीतरी तोंडावरून गेलं. सगळं अंग ओरडत व्हतं, वर चल, वर चल. मी मनातल्या मनात प्रभूचं नाव घेत राहिलो. नुसतं नाव.

तवा माझं मनगट कुणीतरी धरलं.

वाटलं, व्यंकटी! पण हात मोठा व्हता, खरबरीत, रोज कष्टाचं काम करणाऱ्याचा. आन गरम. त्या गारठ्यात गरम. त्यानं माझा हात ओढला न्हाई, आंधळ्याला वाट दाखवावी तसा हळू नेला. बोटांना लागला तो व्यंकटीचा गळा. त्याचे दोन्ही हात खाली लोंबकळत व्हते. आन दोरा, माझा दोरा, क्रूसाचा, क्लॅम्पच्या बोल्टात अडकून ताणलेला. मी दिलेल्या ताईतानंच त्याला बांधून ठेवलं व्हतं.

दोरा तुटंना. बोल्टावरून सरकवून काढला. मनगटावरचा हात सुटला. आन माझ्या ध्यानात आलं, बांगड्या वाजायच्या थांबल्यात.

वर कसे आलो ते आठवत न्हाई. रामकिशननं ओढून घेतलं. पालथं घातलं, पाणी काढलं, तोंडात फुंकलं. बऱ्याच वेळानं व्यंकटी खोकला. अंबिका ढसाढसा रडली, मी बी रडलो, लाज काय धरायची! त्याला टमटममधी घालून नायगावला दवाखान्यात नेलं.

तुम्ही 'धन्यवाद प्रभू' म्हणून राहिलात. थांबा जरा. मंडळीला सांगायचं तर गोष्ट इथं संपती. मी म्हणूनच सांगत न्हाई.

संध्याकाळी व्यंकटी शुद्धीवर आला. मी त्याचे पाय धरले. म्हणलं, माझ्यापायी झालं, माफ कर. त्यानं ते ऐकलंच न्हाई. माझ्या मागं दाराकडं बघत व्हता. हळूच म्हणला, "मिस्त्री... तुमच्या संगं उतरला तो कुठं हाय?"

"कोण? मी एकटाच उतरलो."

"न्हाई. तुमच्या मागं व्हता. मला दिसत व्हतं खाली, उजेड नसताना. त्यांनी मला गच्च धरलं व्हतं, सातीजणींनी. तो आला तवा त्यांनी मला सोडलं... आन त्याला धरलं. त्यानं काहीच केलं न्हाई, मिस्त्री. नुसता उभा राहिला. तो वर आला का?"

मी रात्रभर दवाखान्याच्या बाकड्यावर बसून राहिलो. कुणी खरंच माणूस मागून उतरला असंल तर? मला दिसला नसंल तर? मी एकाला काढून दुसऱ्याला खाली ठेवून आलो का?

दुसऱ्या दिवशी बरोबर बाराला मी विहिरीवर गेलो. रामकिशन म्हणला, "येड लागलं का?" मी कमरेला दोर बांधला आन उतरलो. ह्या खेपेला गुडघे धरले न्हाईत. बुडीवर बुडी मारली, तळाचा गाळ मुठीनं चाचपला. बांगडी वाजली न्हाई, हात लागला न्हाई. मंग दोन मोटारी लावून विहीर उपसली. आसपासच्या गावांत इचारलं, ठाण्यात इचारलं. कुणी हरवलेला न्हाई. तळाला चिखल आन दगड, बस. ती पाण्याची भीती माझी तवा गेली ती गेलीच. आता कुठल्याबी विहिरीत, कुठल्याबी वेळेला उतरतो.

तुम्ही म्हणताल, तो प्रभूच व्हता. मला बी तसंच वाटतं. पण पाळकसाहेब, आम्ही व्यंकटीला टमटममधी घालायच्या गडबडीत व्हतो, तवा माझ्या चपलांशेजारी पायरीवर चपलांचा अजून एक जोड व्हता. चामड्याचा, टाचा झिजलेल्या. तोंडं पाण्याकडं. रामकिशनच्या न्हाईत, व्यंकटी तर अनवाणीच असतो. विहीर उपसताना बी कुणी त्यांना हात लावायची हिंमत केली न्हाई. अंबिका सात दगडांना हळदी-कुंकू लावती तवा त्यांना बी लावती. म्हणती, धनी येईस्तवर सांभाळायच्या.

दोन वर्षं त्या तशाच व्हत्या. मागल्या रविवारी दुपारी अंबिकाचा फोन आला, म्हणून गेलो. ऊन असं की दगडावर पाय ठेववत न्हाई. काठावर चिटपाखरू नव्हतं. मी, रामकिशन आन अंबिका, आम्ही तिघं लांबूनच बघत उभे राहिलो.

चपलांची तोंडं गावाकडं फिरली व्हती, आन दोन्ही चपला ओल्याचिंब व्हत्या.