लारसचा डोळा

"तिला घेऊन उंबरा ओलांडशील तर बघ!" सासू कास्मिनाह दारातच आडवी उभी राहिली, आणि तापाने फणफणलेल्या सात वर्षांच्या लारसला उराशी धरून निंग्रुम जागच्या जागी थिजली...

तीन दिवस हेच चाललं होतं. आधी सर्दीने नाक चोंदलं, मग कपाळ ठणकू लागलं, आणि सासूबाईंनी निदान करून टाकलं, पोरीच्या अंगात वारा शिरलाय! तेल चोळून पाठ नाण्याने अशी खरवडली की लालभडक पट्टे उठले. इथे तेगाल शहरात घरोघरी हेच करतात आणि पोरं बरीही होतात, मग बोलायचं तरी काय? आज मात्र डावी पापणी टम्म सुजली होती, डोळा पुढे आला होता आणि हलता हलत नव्हता.

"आई, पाया पडते तुमच्या, दवाखान्यात नेऊ द्या!"

"तिथेच हिची आई गेली! आता लेकही घालवू? तुझ्या पोटची असती तर धजली नसतीस!"

केवढा दाहक घाव! सावत्र... दोन वर्षं निमूटपणे गिळलेला शब्द! नवरा वार्जो दूर समुद्रात जहाजावर, माहेर पार दुसऱ्या बेटावर. हे दार ओलांडलं तर परत आत घेणार कोण? पण लारस कण्हली, "मला सगळं दोन-दोन दिसतंय गं..." आणि निंग्रुमने सासूला खांद्याने बाजूला सारलं.

दुपारीच शस्त्रक्रिया झाली. "सायनसमधला पू डोळ्यामागे साचला होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असं क्वचितच होतं. पण आणखी एक दिवस गेला असता तर नजर गेली असती. मेंदूत उतरलं असतं तर... आता धोका टळलाय."

संध्याकाळी वार्जोचा फोन आला. मागोमाग आलेली कास्मिनाह भिंतीला टेकून बसली होती. "तीन दिवस घरात ठेवली?" तो ओरडला. "कुणाच्या सांगण्यावरून?"

निंग्रुमने म्हातारीकडे पाहिलं. एकुलत्या लेकाच्या मनातून उतरली तर ही जगेल कशी?... "माझ्याच," ती म्हणाली. "वाटलं, उतरेल ताप. चुकलं माझं."

"शेवटी सावत्रच ना तू!"

तिने डोळे मिटून घेतले. तोच कुणीतरी तिच्या हातातून फोन हिसकावला.

"जीभ झडेल तुझी!" कास्मिनाह कडाडली, आणि मग तिला हुंदकाच फुटला. "दारात मी अडवली रे... मी! ही मला ढकलून गेली म्हणून तुझी पोर आज बघतेय! माफी माग तिची आधी... तुझी झाली की मला मागायचीय!"