बॅरिकेडच्या आतली सुट्टी

शुक्रवार

नवं कॅलेंडर आलं की अलकनंदा आधी सव्वीस जानेवारीचा वार बघायची. शुक्रवार! म्हणजे तीन दिवस जयपूर. लहानपणी वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या ऑफिसातून परेडचे पास आले, की ती पहाटेच स्वेटर घालून तयार असायची. आता त्या दिवशी दिल्लीतून कधी बाहेर पडते असं व्हायचं.

परेड बघायला गावाहून आलेल्या मावशीला शाल द्यायला ती धुक्यातच कोपर्निकस मार्गावरच्या अतिथिगृहात गेली. परत निघाली, तर रस्ता बंद.

"आता दुपारपर्यंत आतच," काउंटरवरचा तरुण म्हणाला.

"माझी दहाची बस आहे, यार!"

"मी विश्वास. 'यार' जरा ओळख झाल्यावर..."

ती हसली. त्याने चहा पुढे केला.

"तुम्ही निघालात, अन् ही माणसं दोन दिवस गाडीत बसून इथे येतात."

"तुम्ही बघितलीत परेड?"

"आठ वर्षं नुसता आवाज ऐकतोय. सुट्टी कसली — सत्तर जणांचा नाश्ता असतो."

बस गेली. वाईट वाटायला हवं होतं...

(मधे: करोल बागेत बऱ्याच भेटी, एक भांडण. मग जानेवारीत विश्वासची मुंबईला बदली. एक फेब्रुवारीला हजर व्हायचं. मनातलं मात्र कुणीच बोलेना.)

शनिवार

"यंदा सव्वीस जानेवारी शनिवारी आली, सुट्टी वाया गेली," सगळं ऑफिस हळहळलं. त्या दिवशी अलकनंदा सकाळी सहाच्या आतच अतिथिगृहात शिरली. मागे बॅरिकेड लागलं. लागू दे — आज बोलायचंच होतं.

काउंटरवर विश्वासच्या जागी कुमुदताई होत्या. "विश्वास? अगं, त्याने रजा टाकलीय. पहिल्यांदाच!"

तेवढ्यात फोन.

"अगं, आहेस कुठे?" विश्वास विचारत होता. "मी आर. के. पुरमला, तुमच्या घरी. जयपूरची दोन तिकिटं आणलीत."

"मी... तुझ्या काउंटरपाशी. आत."

मग दोघंही हसत सुटली.

"तिकिटं कशाला काढलीस?" तिने हळूच विचारलं.

"ते... अण्णासाहेब समोरच बसलेत."

पलीकडे खुर्ची सरकली. अण्णांचा आवाज आला, "मी दूध आणतो. रांग मोठी असते, वेळ लागेल."

दार लागलं.

"अलकनंदा... मला मुंबईला एकट्याने नाही जायचं."

समोर पाहुण्यांची चहासाठी गर्दी होती. सगळे ऐकत होते. तरीही ती मोठ्याने म्हणाली,

"मग मला विचार ना!"