लाईनीवरचं बारसं

पाळणा टांगून झाला तरी घरात बाळ नव्हतं. बाळ अमेरिकेत होतं आणि बारसं साताऱ्यात, गोडोलीत, रिटायर हवालदार धोंडिराम यांच्या घरी. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. नव्व्याण्णव साल लागलेलं. धोंडिरामांच्या मुलानं, राजरत्ननं, परदेशी जाताना घरात कॉम्प्युटर घेऊन दिला होता आणि टेलिफोनची तार त्याच्या मोडेमला जोडून दिली होती. त्या तारेतून फोटो येतो, आवाज येतो, मग बारसं का होऊ नये, असा त्याच्या आईचा, मुक्ताबाईंचा, सरळ हिशेब होता.

नीलिमा ही राजरत्नची थोरली बहीण. शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरातही विज्ञानच शिकवायची. भावाला तिनं कडेवर खेळवलं होतं, सायकलवर डबलसीट शाळेत सोडलं होतं. आता त्याच्या लेकीचं नाव ठेवायचा मान आत्या म्हणून तिचा होता, आणि हा मान तिला कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठा वाटत होता. नाव तिनं मनात पक्कं केलं होतं. आईनं लाडीगोडी लावून पाहिली, आप्पांनी हवालदारी आवाज काढून पाहिला, पण बाई बधली नाही. आत्याच्या तोंडचं नाव आधी बाळाच्या कानात जायचं, मग जगाच्या, ही घरची रीत.

अडचण एकच होती. तिकडं सरकारी कागदावर बाळाचं नाव घालायची मुदत संपत आली होती. राजरत्ननं आधीच बजावलं होतं, "ताई, रविवारी तुझा आवाज नाही आला तर पायल तिच्या आवडीचं नाव घालणार. मग मला बोल लावू नको." त्याची बायको पायल सांगलीची, तोंडानं गोड आणि मतानं पक्की. तिच्या आवडीचं नाव टीव्हीवरच्या मालिकेतल्या कुणाचं तरी होतं. ते ऐकल्यापासून नीलिमाला घास गोड लागत नव्हता.

रविवारी सकाळी कोवळ्या उन्हात बायका जमल्या. चुलीवर घुगऱ्या शिजत होत्या. मधल्या खोलीत तुळईच्या कडीला पाळणा, त्याच्या पलीकडं टेबलावर कॉम्प्युटर, दोन्ही बाजूंना स्पीकर. भिंतीवरच्या तसबिरींना हार घातलेले. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, म्हणून शेजारच्या सुलाबाईंनी पाट्यावरचा वरवंटा उचलून धुतला, मुक्ताबाईंनी शिवलेली कुंची त्याला चढवली आणि त्याला पाळण्यात निजवलं. एरवी बारशाला तो बाळाच्या शेजारी असतो, इथं बाळाच्या जागीच आला. कुंची लाल, पांढऱ्या ठिपक्यांची. तिची जोडीदारीण अमेरिकेला गेली होती.

"दगडाला कुंची?" धोंडिराम दारातनं म्हणाले. "आगं, आपुन ह्ये समदं कवाच सोडलं की."

"आवं, पूजा कोण करतंय त्याची?" मुक्ताबाई म्हणाल्या. "पाळण्याला वजन नगं व्हय?"

त्रिशरण झालं, पंचशील झालं. नीलिमानं कॉम्प्युटर लावला. मोडेमनं पुण्याचा नंबर फिरवला, किंचाळला, घुरघुरला आणि एकदाचा जोडला गेला. राजरत्ननं पाठवलेला फोटो वरून खाली उतरू लागला. आधी भिंत आली, मग लाल कुंची, मग कपाळाची चिमूटभर पट्टी. बायकांनी पाळण्याच्या दोऱ्या हातात घेऊन गाणं धरलं. आणि फोटो तिथंच थांबला. लाईन तुटली.

पुन्हा लावली, पुन्हा तुटली. राजरत्ननं असल्या प्रसंगासाठी सूचना देऊन ठेवल्या होत्या, सातासमुद्रापलीकडून उंटावरून शेळ्या हाकणं त्याला फार छान जमायचं. तार काढून लावली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. स्वयंपाकघरातला दुसरा फोन सोडवून ठेवला. तरी कुठंतरी घोडं पेंड खात होतंच.

धोंडिराम फौजेत सिग्नलमध्ये होते. तारा ओढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेलेली. ते पक्कड घेऊन अंगणात गेले आणि तिथूनच ओरडले, "ह्या तारंवर गोधड्या कुणी वाळत घातल्या?"

"मीच की," मुक्ताबाई म्हणाल्या. "दोन भिंतींत तार बांधलीया, मग ती कशाला आसती?"

बायका पोट धरून हसल्या. गोधड्या खाली आल्या, तार मोकळी झाली, मोडेम जोडला गेला. बायकांनी परत गाणं उचललं. पाळणा हलला आणि लाईन तुटली.

या वेळी नीलिमाच्या ध्यानात आलं. तिनं वर पाहिलं. फोनची तार तुळईवरून येत होती आणि पाळण्याच्या कडीखालून पुढं कॉम्प्युटरकडं जात होती. पाळणा हलला की कडी तारेला चेमटत होती. ती आनंदानं टाळीच वाजवणार होती. दोष सापडला की निम्मं काम झालं, असं ती मुलांना नेहमी सांगायची. खात्री करायला तिनं टेबलावरच्या फोनचा रिसिव्हर कानाला लावला.

"हलवा बरं जरा."

पाळणा हलला. खर्रर्र. परत आला. खर्रर्र. बरोबर. पण दोन खरखरींच्या मध्ये, अगदी खाली, आणखी काहीतरी होतं. नाक चोंदलेलं लहान मूल झोपेत श्वास घेतं तसं. तिनं हात वर केला, पाळणा थांबला, आवाजही थांबला. पाळणा हलला, आवाज आला.

"काय गं?" सुलाबाईंनी विचारलं.

"क्रॉस कनेक्शन. दुसऱ्या कुणाची तरी लाईन घुसतीय," नीलिमा म्हणाली. असं होतंच. मागं एकदा तर त्यांना खंडाळ्याच्या कुणा बाईचं सासूबरोबरचं अख्खं भांडण ऐकू आलं होतं.

धोंडिराम स्टुलावर चढले. "हितली तार कापतो. नवा जोड मारून लांबनं नेतो. तवर पाळणा हालवू नगा."

सुलाबाईंनी पाळणा धरला आणि कलंडलेला वरवंटा नीट केला. "बया! ह्यो कोमट कसा लागतोय?"

"चुलीपाशी हुता न्हवं का," मुक्ताबाई म्हणाल्या.

पक्कड दाबली आणि तारेचे दोन तुकडे झाले. धोंडिरामांनी बाहेरून येणाऱ्या तुकड्याची उघडी टोकं जिभेला लावली आणि तोंड वाकडं केलं. फौजेतली सवय, लाईनीत जीव असला की जीभ आंबट होते. मग कॉम्प्युटरकडं जाणारी टोकं लावली.

"ह्यो जित्ता हाय," ते म्हणाले. "आन ह्यो मेल्याला."

आता जोड होईपर्यंत थांबणं आलं. बायकांना काही थांबवेना. घुगऱ्या निवत होत्या, गाणी तोंडात आली होती. शेवटी सुलाबाईच म्हणाल्या, "आत्याबाई, तवर ह्येच्याच कानात सांगा की नाव! तेवढीच तालीम."

"दगडाला कान असतोय का?"

"आवं, कुंची हाय म्हंजी कान आसणारच."

हशा पिकला. नीलिमालाही हसू आवरेना. किती दिवस ते नाव तिनं जिभेखाली दाबून ठेवलं होतं. ते एकदा ओठांवर यावं असं तिलाही फार वाटत होतं. ती पाळण्यावर वाकली, कुंचीची कड उचलली. लसूण-मिरचीचा जुना वास आला. दगड कितीही धुतला तरी तो जात नाही. मागं बायकांनी हात सरसावले.

"कुर्रर्र..." आणि तिनं नाव सांगितलं.

तिच्या पाठीत धपाधप धपाटे पडले. कुणाला नाव ऐकू गेलं नाही, इतका दंगा. तेवढ्यात कुंचीतून ऊबदार वारा तिच्या गालाला लागला. आपलाच श्वास परतला, असं तिला वाटलं.

"काय ठेवलं गं?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"बाळाला कळल्याशिवाय न्हाई."

स्टुलावर धोंडिराम दोन हातांत दोन टोकं धरून हसत होते. मग त्यांनी तारा सोलल्या, पिळल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली, आणि कडीपासून दूर खिळा मारून तार त्यावर टांगली. मोडेम किंचाळला, घुरघुरला. पाळणा हलवून पाहिला. लाईन जागची हलली नाही.

स्पीकरमधून राजरत्नचा आवाज आला तेव्हा सगळी खोली ओरडली.

"ताई! अगं, लय भारी नाव!"

नीलिमानं माइक तोंडाजवळ ओढला. "कुठलं नाव?"

"उत्पला! पायलनं ऐकलं आणि डोळ्यात पाणीच आलं तिच्या. मालिकाबिलिका सगळी विसरली. कागदावर घालूनसुद्धा टाकलं."

बायकांनी नाव झेललं. उत्पला! उत्पला! मुक्ताबाई पदर डोळ्याला लावून हसत होत्या. नीलिमाला इतका आनंद झाला की पुढचे काही क्षण तिला दुसरं काही सुचलंच नाही. तिनं जपलेलं नाव सातासमुद्रापार पोचलं होतं, कागदावर चढलं होतं. तिला रडूच आलं.

मग तिनं डोळे पुसले.

"राजा, तुला कुणी सांगितलं?"

"तूच की! मी मघापासून घरचा फोन लावत होतो. सारखा एंगेज. मग एकदा लागला, उचललास, पण नुसती खरखर. मी रिसिव्हर बाळाच्या कानाला लावून ठेवला. मग आवाज आला तुझा. कुर्रर्र... अगदी शेजारच्या खोलीतून बोलल्यागत. तुला धपाटे पडले तेपण ऐकले."

धोंडिराम कापलेल्या तारेचे तुकडे गोळा करत होते. त्यांचा हात थांबला.

"मगाशी म्हंजी कवा रं?"

"आत्ताच की, आप्पा. तुमी परत नेट लावायच्या जरा आधी."

घुगऱ्यांच्या वाट्या फिरत होत्या. कुणाचं लक्ष नव्हतं. धोंडिराम लेकीच्या जवळ आले.

"नीले, तार तवा माझ्या हातात हुती."

"व्हय, आप्पा."

"भूतबीत काय नसतंय."

"नसतंच."

स्पीकरमधून पायलचा हसरा आवाज आला. "ताई, एक गंमत सांगू? हिचं टोपडं काढलं आत्ता, तर डोक्याला लसणाचा वास! आमच्याकडं आठवडाभर लसूण सोललेला नाही हो."

बायका खो खो हसल्या. सांगलीचं बाळ, चटणी मागतंय, कुणीतरी म्हणालं.

चटणीवरून मुक्ताबाईंना जेवणाची आठवण झाली. त्यांनी पाळण्यातून वरवंटा उचलला, कुंची सोडली, आणि आत नेऊन पाट्यावर ठेवला. मिरच्या टाकल्या. एकदा ओढला.

स्पीकरमधून बाळ किंचाळलं.

"आई गं, एकदम काय झालं हिला?" पायल म्हणत होती. "झोपली होती की."

आतला आवाज थांबला. बाळ थांबलं.

वरवंटा दुसऱ्यांदा ओढला गेला.

नीलिमा धावत स्वयंपाकघरात गेली. "आई, उचल तो! उचल!"

तिनं वरवंटा आईच्या हातातून घेतला, नळाखाली धुतला, पदरानं टिपला आणि कुंची परत चढवली. नाडी बांधताना तिच्या बोटांना ओल लागली. नाडीचं एक टोक चिंब होतं, चोखल्यासारखं.

बाहेर पायल म्हणत होती, "झोपली बाई. हसतीय झोपेत."

दुसऱ्या दिवशी धोंडिरामांनी कुणाला न विचारता पोवई नाक्यावरून मिक्सर आणला. कशाला म्हणून मुक्ताबाईंनी विचारलं, तर म्हणाले, "तुझं हात दुखत्यात न्हवं का." पुढं फोटोही पूर्ण आला. टपोरे डोळे, आजीचं नाक, खणखणीत लेकरू. नीलिमानं तो कपाटाच्या दारावर लावला. त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात कुंचीतला वरवंटा गोधडीवर निजवलेला होता.

दर रविवारी अमेरिकेहून आवाज यायचा. उत्पला बाळसं धरतीय, पालथी पडतीय, सगळं कसं आनंदाचं. पावसाळा सरता सरता मुक्ताबाईंनी नवी कुंची शिवायला घेतली, लाल, पांढऱ्या ठिपक्यांचीच, पण मापानं चांगली मोठी. अमेरिकेला पाठवायची असेल, असं सुलाबाईंना वाटलं.

तिकडं कपड्यांना काही तोटा नव्हता. जुनी कुंची वरवंट्याला होईनाशी झाली होती.